कोळी आणि त्याचे सोयरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की कोळी, विंचू, गोचीड आणि मृगाचे किडे यांच्या छायाचित्रांसह आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते. दिवाळीची साफसफाई सुरू झाली की जळमटांबरोबर ती पुन्हा सुरू होते. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि पेच टाकणारे नंतर असा साधारण क्रम आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात न उगाळता तेथे केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोळी हा कीटक आहे की नाही?

नाही. कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असतात, त्याला पायांच्या तीन जोड्या व शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या स्पर्शेंद्रियांची, एक जोडी असते, आणि बहुतेक कीटकांना पंखही असतात. कोळ्याच्या शरीराचे भाग दोनच, पायांच्या जोड्या चार, आणि शृंगिका व पंख मुळीच नाहीत. गोंधळ होतो तो बराचसा भाषेमुळे, कारण बोलताना आपण वळवळणाऱ्या साऱ्याच जीवांना ‘किडा’ म्हणतो आणि ‘कीटक’ हा त्याचाच सोवळ्यातला शब्द समजतो. या चुकीबद्दल कोणी ओशाळण्याचे कारण नाही. १७५८ मध्ये जीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणारे खुद्द लिनियस यांनी कोळी, विंचू आणि गोमच नव्हे, तर खेकडासुद्धा बिनपंखी कीटकांत घातला होता. कोळ्यांना कीटकांपासून वेगळे काढले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी.

२. मग कोळी नेमका कोणत्या गटात येतो?

ज्यांचे पाय सांध्यासांध्यांचे असतात आणि ज्यांना कठीण बाह्यकवच असते, अशा प्राण्यांचा संघ म्हणजे संधिपाद. त्यात दोन मोठी घराणी दिसतात. एका घराण्यात तोंडापाशी चावण्यासाठी जंभ, म्हणजे आडवे हलणारे जबडे, आणि डोक्यावर शृंगिका असतात. कीटक, खेकडे-कोळंबी आणि गोम-वाणी ही मंडळी त्यातली. दुसऱ्या घराण्यात जंभ नाहीत आणि शृंगिकाही नाहीत; तोंडाच्या पुढे नखरिका, म्हणजेच शास्त्रीय भाषेतील केलिसेरा, या उपांगांची जोडी असते. अष्टपाद वर्ग या दुसऱ्या घराण्यातला असून कोळी, विंचू, गोचीड, खरजेचे किडे आणि इतर अनेक प्राणी त्यात येतात. अष्टपाद वर्गातील ‘अ‍ॅरेनी’ हा गण म्हणजे खरे कोळी. २०२२ मध्ये जगभरातील कोळ्यांच्या वर्णन झालेल्या जातींची संख्या ५०,००० च्या पुढे गेली.

या गणाचे पुन्हा तीन भाग पडतात. पहिल्या, अतिप्राचीन भागातील कोळ्यांच्या उदरावर अजून खंडांच्या पट्ट्या दिसतात आणि ते केवळ पूर्व व आग्नेय आशियात आढळतात. दुसऱ्या भागात टॅरंटुला आणि बिळाला झाकण लावणारे कोळी येतात. आपल्या घरात व बागेत दिसणारे जवळजवळ सगळे कोळी तिसऱ्या भागात मोडतात. दुसरा आणि तिसरा भाग वेगळा कसा ओळखावा, हे प्रश्न ४ मध्ये आहे.

३. आठ पाय मोजले की काम झाले, असे समजायला हरकत आहे का?

हरकत आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या चुका या एका मोजणीतून येतात, म्हणून याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. गोचीड अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिला सहाच पाय असतात. चौथी जोडी पहिल्यांदा कात टाकल्यावर मिळते. नारळाच्या फळावर करपट चट्टे पाडणाऱ्या इरिओफाइड या सूक्ष्म कोळ्याला (प्रश्न १६) आयुष्यभर चारच पाय असतात, तरीही तो अष्टपादच. चाबूककोळी या चपट्या प्राण्याच्या पायांची पहिली जोडी दोऱ्यासारखी लांब व बारीक झालेली असते आणि तो तिने केवळ चाचपडतो, त्यामुळे चालताना त्याचे सहाच पाय जमिनीला लागतात. उलट उंटकोळ्याला पाहणारा हमखास दहा पाय मोजतो, कारण त्याचे पादमृश, म्हणजे नखरिका आणि पाय यांच्यामधील उपांगांची जोडी, पायांइतकेच लांब असतात. नर कोळ्याचे पादमृशही अनेकदा पायांत मोजले जातात. पालीच्या तावडीतून सुटताना दोन पाय गमावलेला कोळी तर कोणाच्याही घरात असू शकतो.

म्हणून पाय अवश्य मोजावेत, पण निर्णय तोंड पाहून करावा. शृंगिका दिसल्या तर तो प्राणी अष्टपाद नाही. शृंगिका नाहीत आणि तोंडापुढे नखरिका आहेत, तर तो कोळ्याच्या घराण्यातला आहे, मग पाय चार दिसोत, सहा दिसोत की दहा.

४. या नखरिका म्हणजे कोळ्याचे दात का? त्या कशा दिसतात?

दात नव्हेत. ती डोक्याच्या पुढच्या टोकाला असलेली उपांगे आहेत. कोळ्याची नखरिका दोन खंडांची असते: जाड बुंधा आणि त्यावर चाकूच्या पात्यासारखी मिटणारी नांगी. विषग्रंथीची नळी या नांगीच्या टोकाजवळ उघडते. विंचवाची नखरिका तीन खंडांची, लहान चिमट्यासारखी असते आणि तिच्यात विष नसते. रक्त पिणाऱ्या गोचिडीत ती कातडी कापणाऱ्या पात्यासारखी, तर पानांचा रस शोषणाऱ्या सूक्ष्म कोळ्यांत सुईसारखी झालेली असते.

आता प्रश्न २ मधील राहिलेली गोष्ट. टॅरंटुलाच्या नांग्या एकमेकींना समांतर असून वरून खाली येतात, कुदळीचे दोन घाव शेजारी शेजारी पडावेत तशा. तिसऱ्या भागातील कोळ्यांच्या नांग्या दोन्ही बाजूंनी येऊन सांडशीसारख्या एकमेकींवर मिटतात. घरातील मोठा कोळी उताणा मरून पडलेला सापडला, तर साध्या भिंगातूनही हा फरक स्पष्ट दिसतो.

५. कोळ्याच्या शरीराचे भाग कोणते?

पुढचा भाग शिरोवक्ष. यात डोके आणि वक्ष एकजीव झालेले असून मेंदू, विषग्रंथी व शोषक जठर यातच असते, आणि सगळी चालण्या-पकडण्याची उपांगे यालाच जोडलेली असतात. मागचा भाग उदर. हृदय, श्वसनेंद्रिये, प्रजननेंद्रिये आणि रेशीमग्रंथी त्यात असतात. दोहोंना जोडणारा देठ इतका बारीक असतो की अन्ननलिका, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांना त्यातून दाटीवाटीनेच जावे लागते. कोळी घन अन्न गिळत नाही, तो भक्ष्यावर पाचकरस ओकून त्याचा पातळ रस करतो आणि तो शोषून घेतो. अशा अरुंद वाटेने दुसरे काही जाणेही कठीणच.

प्रत्येक पाय सात खंडांचा असतो. पादमृश सहा खंडांचे असतात, कारण त्यांत टोकाआधीचा एक खंड नसतो. एखादे उपांग पाय आहे की पादमृश, असा वाद झालाच तर हे खंड मोजून तो मिटतो.

६. मेलेला कोळी पाय पोटाशी का घेतो?

कारण पाय मिटण्यासाठी त्याच्याकडे स्नायू आहेत, पण पायातील दोन मुख्य सांधे उघडण्यासाठी नाहीत. ते सांधे तो रक्ताच्या दाबाने उघडतो. शिरोवक्षातील स्नायू आवळले की रक्तद्रव पायांत शिरतो आणि पाय ताठ होतात, पाणी सोडल्यावर वेटोळे घातलेला पाइप सरळ व्हावा तसे. कोळी मेला की दाब जातो आणि पाय आखडतात. खूप तहानलेल्या कोळ्याचे पायही असेच आत ओढले जातात, म्हणून पाय मिटलेला दिसणारा प्रत्येक कोळी मेलेलाच असतो असे नाही.

७. कपाटामागे हुबेहूब कोळ्यासारखे, पण आतून पोकळ काहीतरी सापडले. ते काय?

ती कात. बाह्यकवच ताणत नसल्यामुळे वाढायचे असेल तर ते टाकावेच लागते. सापाची कात अख्खी मोज्यासारखी उलटते. कोळ्याच्या शिरोवक्षावरची ढाल मात्र डब्याच्या झाकणासारखी पुढून उचकटते आणि कोळी त्या फटीतून पाय उपसून बाहेर येतो. असे झाकण उजेडासमोर धरले, तर डोळ्यांच्या जागी पारदर्शक भिंगे दिसतात, कारण डोळ्यांवरचे कवचही कातेबरोबरच निघते. आपल्या घरातले बहुतेक कोळी प्रौढ झाल्यावर कात टाकत नाहीत, टॅरंटुलाची मादी मात्र आयुष्यभर टाकत राहते.

८. सगळ्या कोळ्यांना आठ डोळे असतात का?

बहुतेकांना असतात, काहींना सहा किंवा त्याहूनही कमी असतात, आणि गुहांतील काही जातींना मुळीच नसतात. डोळ्यांची मांडणी हा कुळ ओळखण्याचा उत्तम पुरावा आहे. खिडकीच्या गजावर टुणटुण उड्या मारणाऱ्या कोळ्याकडे समोरून पाहिले तर मधले दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे दिसतात. ते बाहेरून स्थिर असले तरी त्यांच्या आतील नळ्या हलतात, आणि बाजूचे डोळे हालचाल टिपतात. म्हणूनच आपण बोट फिरवले की तो मान वळवल्यासारखा अख्खा वळून पाहतो. जाळे विणणाऱ्या कोळ्यांची नजर मात्र अधू असते आणि त्यांचा सारा कारभार तंतूंच्या थरथरीवर चालतो.

९. कोळ्याचे रक्त निळे असते हे खरे का? आणि त्याला फुप्फुसे असतात का?

होय. रक्तातील प्राणवायू वाहणारे द्रव्य लोहाऐवजी तांब्याचे असल्यामुळे त्याला निळसर झाक असते. उदराच्या खालच्या बाजूला पुस्तक-फुप्फुसे असतात. पातळ पत्रे पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात म्हणून हे नाव. टॅरंटुलात त्यांच्या दोन जोड्या असतात. आपल्या परिचयाच्या बहुतेक कोळ्यांत एक जोडी फुप्फुसांची असते आणि दुसरीच्या जागी श्वासनलिका असतात. विंचवात चार जोड्या असतात.

१०. रेशीम तोंडातून निघते का? आणि प्रत्येक कोळी जाळे विणतो का?

रेशीम उदराच्या मागच्या टोकाला असलेल्या, बोटांसारख्या हलणाऱ्या स्पिनरेटमधून निघते. ग्रंथी अनेक प्रकारच्या असतात: लोंबकळण्याच्या दोराचे रेशीम वेगळे, जाळ्यातील ताणणाऱ्या चक्राकार तंतूचे वेगळे, अंड्यांच्या पिशवीचे वेगळे. रेशीम सगळेच कोळी काढतात, जाळे सगळे विणत नाहीत. भिंतीवर धावणारा मोठा तपकिरी कोळी कधीच जाळे विणत नाही. तसबिरीमागे राहणारी एक मादी आम्ही बरेच दिवस पाहत होतो. कॅरमच्या सोंगटीपेक्षा थोडी लहान, पांढरी, चपटी चकती ती पोटाखाली धरून हिंडायची. ती चकती म्हणजे तिच्या रेशमाची एकमेव दिसणारी वस्तू, अंड्यांची पिशवी.

काही कोळ्यांत स्पिनरेटच्या पुढे एक चाळणीसारखी पट्टी असते. तिच्यातून निघणारे तंतू डिंकाशिवायच चिकटतात, पिंजलेल्या लोकरीसारखे. माळरानावरच्या बाभळी-बोरींवर कोंदट, मळकट घरटी करून शेकड्यांनी राहणारा सामाजिक कोळी याच प्रकारातला. जुन्या मराठीत कोळ्याला ‘कांतीण’ असाही शब्द आहे, आणि सूत कातणारी या अर्थाने तो ‘कोळी’ या शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो.

११. सगळे कोळी विषारी असतात का?

जवळजवळ सगळ्यांना विषग्रंथी असतात, पण ते विष किड्यांना मारण्यासाठी आहे आणि बहुतेकांच्या नांग्या आपल्या कातडीत नीट शिरतही नाहीत. एक कुळ मात्र पूर्ण अपवाद आहे: चाळणीचे रेशीम वापरून आडवी वर्तुळाकार जाळी विणणाऱ्या युलोबोरिड कोळ्यांना विषग्रंथीच नसतात; ते भक्ष्याला रेशमात घट्ट गुंडाळून टाकतात. चावा घेतलेली जागा काळी पडू लागली, सूज पसरू लागली किंवा ताप आला, तर कोळ्याचे नाव शोधत न बसता डॉक्टरांकडे जावे.

१२. नर आणि मादी कसे ओळखावेत?

पादमृशांची टोके पाहावीत. प्रौढ नराची टोके मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी फुगलेली असतात. नर रेशमाच्या छोट्या पट्टीवर वीर्य सोडतो, ते पादमृशांत भरून घेतो आणि मादीपर्यंत नेतो. आकारावर जाऊ नये, कारण सह्याद्रीतील दमट जंगलांत दिसणाऱ्या मोठ्या सोनेरी जाळ्याच्या कोळ्याच्या मादीचे शरीर ४ सेंटीमीटरच्या आसपास, तर नराचे जेमतेम ५-६ मिलिमीटर असते. तिच्याच जाळ्यात फिरणाऱ्या नरांना लोक तिची पिल्ले समजतात.

१३. न्हाणीघरातला लांब काडीसारख्या पायांचा कोळी खरा कोळी आहे का?

छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा आणि धक्का लागताच गरगर थरथरणारा असेल, तर तो खरा कोळी आहे. त्याची कंबर स्पष्ट दिसते आणि तो जाळेही करतो. जंगलात ओलसर दगडांखाली झुंडीने दिसणारा, तितक्याच लांब पायांचा, पण वाटाण्यासारख्या एकसंध शरीराचा प्राणी मात्र वेगळ्या गणातला आहे. त्याला कंबर नाही, डोळे बहुधा दोनच, रेशीम नाही, विष नाही. नखरिका आहेत, म्हणून तो अष्टपाद आहे, कोळी नाही.

१४. महाराष्ट्रात टॅरंटुला आहेत का?

आहेत. झाडांच्या ढोलीत राहणारा, पायांवर काळी-पांढरी-पिवळी नक्षी असलेला पोइसिलोथेरिया रीगॅलिस पश्चिम घाटात आढळतो. त्याची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, भारत व श्रीलंका सोडून इतरत्र नाही, आणि पाळण्यासाठी होणाऱ्या चोरट्या व्यापारामुळे २०१९ मध्ये तिचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. ‘टॅरंटुला’ हे नाव मुळात इटलीतील टारांटो शहराजवळच्या एका वेगळ्याच, तिसऱ्या भागातील कोळ्याचे होते. युरोपीय लोकांनी ते इतर खंडांत दिसलेल्या केसाळ कोळ्यांना चिकटवले. खाज आणणारे केस झाडण्याची सवय अमेरिका खंडांतील टॅरंटुलांची आहे, आपल्याकडच्यांची नाही.

१५. विंचवाला नांगी शेपटीत आणि पुढे चिमटे. तो कोळ्याचा नातेवाईक कसा?

चिमटे फसवतात. ते खेकड्यासारखे पाय नसून मोठे झालेले पादमृश आहेत, कोळ्याच्या नराने ज्यांचा वेगळा उपयोग करून घेतला तेच (प्रश्न १२). त्यांच्यामध्ये, तोंडापाशी, लहान नखरिका लपलेल्या असतात. पायांच्या चार जोड्या त्यांच्यामागे. ‘शेपटी’ही खरी शेपटी नाही, ते उदराचेच निमुळते पाच खंड आहेत, म्हणूनच गुदद्वार पाचव्या खंडाच्या टोकाला, नांगीच्या अगदी अलीकडे असते. पोटाखाली कंगव्यासारख्या दोन अवयवांची जोडी असते, ती जमिनीची चव आणि पोत ओळखते. असा कंगवा विंचवाखेरीज आज कोणाकडेही नाही.

विंचू अंडी घालत नाही. पिल्ले जिवंत जन्मतात आणि पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण प्राणिशास्त्राच्या कसोटीलाही उतरते. अतिनील प्रकाशात विंचू हिरवट-निळा चमकतो, नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही.

भीतीच्या बाबतीत आपला अंदाज अनेकदा उलटा असतो. जाड चिमट्यांची मोठी काळी इंगळी पाहून घाबरगुंडी उडते, पण कोकणात जीव घेतला आहे तो बारीक चिमट्यांच्या लहान लाल विंचवाने. त्याच्या विषाने हृदय व रक्ताभिसरण बिघडते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. लाल विंचू चावल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा.

१६. कृषी दुकानात ‘लाल कोळी’चे औषध मागतात. तो कोळी हाच का?

नव्हे. शेतीच्या भाषेतील ‘कोळी’ म्हणजे पानांखाली राहून रस शोषणारे, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान सूक्ष्म अष्टपाद. त्यांतील काही बारीक जाळी धरतात, त्यावरून हे नाव पडले. त्यांचे शिरोवक्ष आणि उदर एकजीव असते, कंबर नसते. गोचीड, खरजेचा किडा आणि मृगाचा किडा हे त्यांचेच भाऊबंद. पहिल्या पावसानंतर तांबड्या मखमलीच्या थेंबासारखा जमिनीवर चालणारा मृगाचा किडा नावाने किडा असला, तरी त्याचे आठ पाय मोजून पाहावेत. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात आढळणारा माकडताप गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. विषाणू पसरवण्यात तिची लहान, पूर्ण न वाढलेली पिल्ले विशेष घातक ठरतात, आणि अंगावर ती सहजी दिसत नाहीत.

१७. जुन्या पुस्तकात शेपटी नसलेला इवलासा विंचू सापडला. चावेल का?

चावणार नाही. तो छद्मविंचू, लांबी अवघी तीन-चार मिलिमीटर. चिमटे विंचवासारखे, पण नांगी आणि निमुळती शेपटी नाही. पुस्तकांच्या बांधणीतील खळ खाणाऱ्या बारीक किड्यांची तो शिकार करतो. त्याला तसाच पानात राहू द्यावा.

१८. गोम आणि वाणी कोळ्याच्या जवळची आहेत ना?

नाहीत. दोघांनाही शृंगिका आणि जंभ असतात, त्यामुळे ती कीटकांच्या बाजूची ठरतात (प्रश्न २). गोमेला प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी असते, वाणीला बहुतेक खंडांवर दोन. गोमेची विषारी नांगी म्हणजे बदललेली पायांची पहिली जोडी आहे, नखरिका नव्हे.

१९. मग नालखेकडा खेकड्याच्या जवळचा की कोळ्याच्या?

कोळ्याच्या. घोड्याच्या नालेसारखी ढाल आणि टोकदार शेपटी असलेला हा प्राणी ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतो. त्याला नखरिका आहेत, शृंगिका नाहीत, रक्त निळे आहे आणि पुस्तकाच्या पानांसारखे कल्ले आहेत. आजवर त्याला अष्टपादांच्या शेजारचा मानत आले. २०१९ मधील एका जनुकीय अभ्यासाने त्याला थेट अष्टपादांच्या आत बसवले. यावर अजून एकमत झालेले नाही.

२०. झाडावर चालणारी मुंगी रेशमाच्या धाग्याला लटकली. असे होते का?

ती मुंगी नव्हती. पानांची घरटी शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांची नक्कल करणारा उडी मारणारा कोळी आहे. तो पुढचे दोन पाय वर धरून शृंगिकांसारखे हलवतो आणि शिरोवक्षावरील खाचेमुळे तिथे दोन भाग असल्याचा भास होतो. पण प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे तोंड पाहावे: समोर मोटारीच्या दिव्यांसारखे डोळे दिसतात.

२१. छायाचित्रावरून नेमकी जात सांगाल का?

कुळ बहुधा सांगता येते, प्रजाती कधीकधी, जात क्वचितच. जात ठरते ती मादीच्या उदराखालील जननरंध्राची तबकडी आणि नराच्या पादमृशांची सूक्ष्म रचना पाहून, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याला २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून ‘इसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. तेही अशाच बारीक तपासणीनंतर. नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गंमत: प्राण्यांची शास्त्रीय नावे १७५८ पासून ग्राह्य धरतात, पण कोळ्यांची १७५७ मधील स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांनी दिलेली नावे खास अपवाद म्हणून मान्य आहेत आणि लिनियस यांच्या नावांहून त्यांचा मान आधीचा.

छायाचित्र पाठवायचेच असेल, तर पाठीबरोबर चेहऱ्याचे आणि जमल्यास काचेखालून पोटाकडचे घ्यावे, शेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचे नाणे ठेवावे, आणि प्राणी भिंतीवर, जाळ्यात की बिळात होता ते लिहावे.